सोफिया पोपोव्ह

सोफिया पोपोव्ह (जन्म : २ ऑक्टोबर, १९९२) या जर्मनीच्या व्यावसायिक गोल्फ खेळाडू आहेत. २३ ऑगस्ट, २०२० रोजी स्कॉटलंडमधील रॉयल ट्रून येथे त्यांनी महिलांची ब्रिटिश ओपन, म्हणजेच एआयजी विमेन्स ओपन ही स्पर्धा जिंकली. महिला गोल्फमधील प्रमुख, अर्थात 'मेजर' दर्जाची स्पर्धा जिंकणाऱ्या त्या पहिल्या जर्मन महिला होत. विजयाच्या वेळी जागतिक क्रमवारीत त्यांचा क्रमांक ३०४ वा होता आणि महिला गोल्फमधील सर्वोच्च व्यावसायिक संघटना असलेल्या एलपीजीएचे सदस्यत्वही त्यांच्याकडे नव्हते. दीर्घकाळ निदान न झालेला आजार, पात्रता फेरीतील अपयश आणि खेळ सोडण्याचा विचार यांनंतर हे यश आले, म्हणून त्यांची कारकीर्द विशेष अभ्यासनीय ठरते. गोल्फमध्ये खेळण्याची गुणवत्ता आणि खेळण्याची संधी या दोन वेगळ्या गोष्टी कशा आहेत, हेही या कारकिर्दीतून स्पष्ट होते.

पार्श्वभूमी : जर्मनी आणि गोल्फ

जर्मनीत फुटबॉलला जे स्थान आहे, त्याच्या जवळपासही गोल्फ पोहोचलेला नाही. तरीही या देशाने काही जागतिक कीर्तीचे गोल्फपटू दिले. बर्नहार्ड लँगर यांनी १९८५ आणि १९९३ मध्ये अमेरिकेतील मास्टर्स स्पर्धा जिंकली. मार्टिन कायमर यांनी २०१० मध्ये पीजीए चँपियनशिप आणि २०१४ मध्ये यूएस ओपन या स्पर्धांत विजय मिळविला. पुरुषांच्या मेजर स्पर्धांत जर्मनीचे नाव असे आधीच कोरले गेले होते.

महिलांच्या बाबतीत प्रगती टप्प्याटप्प्याने झाली. टिना फिशर यांनी २००१ मध्ये एलपीजीएच्या दौऱ्यातील एक स्पर्धा जिंकली. २०११ मध्ये सँड्रा गाल यांनी कॅलिफोर्नियातील किया क्लासिक स्पर्धेत दक्षिण कोरियाच्या जियाई शिन यांना एका फटक्याने मागे टाकले. २०१६ मध्ये कारोलिन मासोन यांनी कॅनडातील मॅन्युलाइफ क्लासिक जिंकली. मात्र यांपैकी कोणालाही मेजर विजेतेपद मिळाले नव्हते. २०२० पर्यंत ही उणीव कायम राहिली. ती भरून निघाली तेव्हा गाल किंवा मासोन यांच्यासारख्या प्रस्थापित खेळाडूऐवजी जाणकारांच्याही अपेक्षेत नसलेले एक नाव पुढे आले.

जन्म आणि बालपण

पोपोव्ह यांचा जन्म अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात फ्रेमिंगहॅम येथे झाला. त्यांचे बालपण मात्र जर्मनीच्या नैर्ऋत्येकडील बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात, वाइनगार्टेन या गावी गेले. घरात खेळाचे वातावरण होते. त्यांच्या आई अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या जलतरणपटू होत्या. जर्मनी आणि अमेरिका या दोन्ही देशांशी असलेला हा संबंध पुढे त्यांच्या संपूर्ण कारकिर्दीत दिसून येतो. राष्ट्रीय संघात त्या जर्मनीकडून खेळल्या, तर शिक्षण आणि व्यावसायिक खेळ यांचे केंद्र अमेरिका राहिले.

हायडेलबर्गपासून जवळ असलेल्या सांक्ट लेओन-रोट येथील गोल्फ क्लबशी त्या निगडित होत्या. जर्मनीतील तरुण खेळाडू घडविणाऱ्या प्रमुख केंद्रांत या क्लबची गणना होते. युरोप आणि अमेरिका यांच्या महिला संघांत होणारी सॉल्हाइम चषक स्पर्धा २०१५ मध्ये याच मैदानावर भरली होती.

हौशी कारकीर्द

वयाची अठरा वर्षे पूर्ण होण्याच्या सुमारास, २०१० मध्ये, पोपोव्ह यांनी युरोपियन हौशी महिला अजिंक्यपद पटकावले. त्याच वर्षी त्या लॉस एंजेलिस येथील युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्निया या विद्यापीठात दाखल झाल्या. अमेरिकेतील विद्यापीठीय गोल्फ ही व्यावसायिक खेळाकडे नेणारी महत्त्वाची पायरी मानली जाते. तेथे खेळाडूंना प्रशिक्षक, मैदाने व सातत्यपूर्ण स्पर्धा उपलब्ध होतात आणि शिक्षणही चालू राहते. २०१३ मध्ये या विद्यापीठाच्या महिला संघाने राष्ट्रीय आंतरविद्यापीठ विजेतेपद मिळविले. पोपोव्ह त्या संघाच्या सदस्य होत्या.

युरोपातील हौशी विजेतेपद आणि अमेरिकेतील सांघिक यश यांमुळे २०१४ मध्ये व्यावसायिक क्षेत्रात प्रवेश करताना त्यांच्याकडून मोठ्या अपेक्षा होत्या.

व्यावसायिक गोल्फची उतरंड

पोपोव्ह यांच्या पुढील वाटचालीचे स्वरूप समजण्यासाठी व्यावसायिक गोल्फची रचना थोडक्यात पाहणे आवश्यक आहे.

महिला गोल्फमधील सर्वोच्च दौरा एलपीजीए या संघटनेकडून चालविला जातो. तेरा महिला खेळाडूंनी १९५० मध्ये अमेरिकेत या संघटनेची स्थापना केली. वर्षभर निरनिराळ्या ठिकाणी होणाऱ्या स्पर्धांच्या मालिकेला गोल्फमध्ये 'टूर' म्हणजे दौरा असे म्हणतात. या दौऱ्यात खेळण्याचा अधिकार मर्यादित खेळाडूंनाच असतो. त्या अधिकाराला रूढ भाषेत 'टूर कार्ड' असे नाव आहे. मागील हंगामातील कामगिरी चांगली असेल, तर कार्ड टिकते. ती घसरली, तर कार्ड जाते आणि खेळाडूला पात्रता फेरीतून पुन्हा प्रवेश मिळवावा लागतो. काही खेळाडूंचा अधिकार अंशतः असतो. वरच्या क्रमांकाच्या खेळाडूंनी माघार घेतली, तरच त्यांना जागा मिळते.

एलपीजीएच्या खाली दुय्यम दौरा आहे. २०२० मध्ये तो सिमेट्रा टूर या नावाने ओळखला जाई. त्याही खाली स्थानिक पातळीवरील छोटे दौरे आहेत. पायरी जितकी खालची, तितकी बक्षिसाची रक्कम लहान असते.

व्यावसायिक गोल्फपटूला पगार नसतो, ही गोष्ट येथे ध्यानात घेतली पाहिजे. प्रवास, निवास, प्रशिक्षण आणि कॅडीचे मानधन हा खर्च खेळाडूलाच करावा लागतो. कॅडी म्हणजे खेळाडूची पिशवी वाहणारा व अंतर, वारा आणि फटका यांबाबत सल्ला देणारा साहाय्यक. चार दिवसांच्या स्पर्धेत साधारणतः दुसऱ्या दिवसाअखेर मागे पडलेल्या खेळाडूंना वगळले जाते. याला 'कट' म्हणतात. कटमध्ये बाद झालेल्या खेळाडूच्या हाती सहसा काहीच पडत नाही. यामुळे कार्ड गमावलेला खेळाडू एका दुष्टचक्रात सापडतो. चांगल्या स्पर्धा नाहीत म्हणून क्रमवारीचे गुण नाहीत, गुण नाहीत म्हणून चांगल्या स्पर्धांत प्रवेश नाही आणि दोन्ही नाहीत म्हणून उत्पन्न नाही.

आजारपण

पोपोव्ह यांनी पात्रता फेरीतून २०१५ च्या हंगामासाठी एलपीजीएचे सदस्यत्व मिळविले. परंतु याच सुमारास त्यांची प्रकृती ढासळू लागली. तीव्र थकवा येणे, वजन घटणे आणि शरीर साथ न देणे अशा तक्रारींनी त्या त्रस्त झाल्या. अनेक डॉक्टरांकडे जाऊनही नेमके कारण कळेना. सुमारे तीन वर्षांनी लाइम रोग असल्याचे निदान झाले.

लाइम रोग हा गोचिडीच्या चाव्यातून पसरणारा जिवाणूजन्य आजार आहे. अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यातील लाइम या गावावरून त्याला हे नाव पडले. बोरेलिया वंशाचे जिवाणू त्यास कारणीभूत असतात. चाव्याच्या जागी वर्तुळाकार पसरत जाणारा लालसर चट्टा हे त्याचे ओळखीचे लक्षण होय. मात्र तो प्रत्येक रुग्णात दिसतोच असे नाही. थकवा, ताप, डोकेदुखी, सांधेदुखी ही इतर लक्षणे अनेक आजारांत आढळणारी असल्याने निदान चुकण्याची शक्यता असते. आरंभीच ओळखल्यास प्रतिजैविकांनी हा आजार सहसा बरा होतो. निदान लांबल्यास सांधे, मज्जासंस्था आणि हृदय यांवर परिणाम होऊ शकतो.

गोल्फ हा बाहेरून पाहणाऱ्यास संथ खेळ वाटतो. प्रत्यक्षात एका फेरीत खेळाडूला चार-पाच तास उभे राहावे व चालावे लागते आणि असे सलग चार दिवस चालते. सरावाचे तास त्याव्यतिरिक्त असतात. सततचा थकवा असलेल्या खेळाडूसाठी ही परीक्षा कठोर असते. शिवाय आजाराला नाव नसल्यामुळे अपयशाचे कारण प्रकृती आहे की खेळ, हे ठरविणेही अवघड होते. निदान झाल्यावर पोपोव्ह यांनी आहार आणि व्यायाम यांची काटेकोर शिस्त स्वीकारली. त्यातून त्यांची प्रकृती हळूहळू सुधारली, परंतु तोवर कारकिर्दीतील मोलाची वर्षे निघून गेली होती. एलपीजीएचे पूर्ण सदस्यत्व हातचे गेले होते आणि त्यांना दुय्यम दौऱ्यावर खेळावे लागत होते.

२०१९ : एका फटक्याचे अंतर

२०१९ च्या अखेरीस पोपोव्ह एलपीजीएच्या पात्रता मालिकेत उतरल्या. ही मालिका अनेक फेऱ्यांची असते आणि त्यातील प्रत्येक फटका पुढील वर्षाचे भवितव्य ठरवितो. या मालिकेत त्यांचे कार्ड अवघ्या एका फटक्याने हुकले. या निराशेनंतर व्यावसायिक गोल्फ सोडून देण्याचा विचार आपल्या मनात आला होता, असे त्यांनी पुढे सांगितले. अखेर त्यांनी आणखी एक हंगाम खेळण्याचा निर्णय घेतला.

२०२० : महासाथीतील हंगाम

२०२० च्या आरंभी कोरोना महासाथीमुळे जगभरातील क्रीडास्पर्धा थांबल्या. एलपीजीएचा दौरा फेब्रुवारीनंतर बंद पडला तो थेट ३१ जुलैला पुन्हा सुरू झाला. या काळात अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातील कॅक्टस टूर हा महिलांचा छोटा दौरा मात्र चालू राहिला. पोपोव्ह त्यात नियमित खेळल्या आणि त्यांनी तीन स्पर्धा जिंकल्या. बक्षिसे किरकोळ होती. तथापि इतर बहुसंख्य खेळाडू घरी थांबल्या असताना त्यांना प्रत्यक्ष स्पर्धेचा सराव मिळाला आणि जिंकण्याची सवय लागली.

जुलैअखेर एलपीजीएचा हंगाम ओहायो राज्यातील टोलेडो शहरातील इन्व्हर्नेस क्लब येथे पुन्हा सुरू झाला. या स्पर्धेत पोपोव्ह यांना खेळाडू म्हणून स्थान नव्हते. त्या आपली मैत्रीण, नेदरलँड्सची खेळाडू अ‍ॅन व्हॅन डॅम हिची कॅडी म्हणून मैदानात उतरल्या. पुढच्याच आठवड्यात टोलेडोजवळील सिल्व्हेनिया येथे मॅरेथॉन क्लासिक ही स्पर्धा होती. प्रवासावरील निर्बंधांमुळे अनेक परदेशी खेळाडू अमेरिकेत येऊ शकल्या नव्हत्या. त्यामुळे प्रतीक्षेतील खेळाडूंना जागा मिळाली आणि त्यांत पोपोव्ह यांचाही समावेश झाला.

या स्पर्धेतील पहिल्या दहांत येणाऱ्या व अन्य मार्गाने पात्र न ठरलेल्या खेळाडूंना महिलांच्या ब्रिटिश ओपनमध्ये प्रवेश मिळणार होता. पोपोव्ह यांनी संयुक्त नववे स्थान मिळविले आणि त्यांचा स्कॉटलंडला जाण्याचा मार्ग मोकळा झाला. दुसऱ्या खेळाडूची पिशवी खांद्यावर घेऊन चालल्यानंतर अवघ्या तीन आठवड्यांत त्या एका मेजर स्पर्धेच्या विजेत्या ठरणार होत्या.

रॉयल ट्रून आणि ब्रिटिश ओपन

महिलांची ब्रिटिश ओपन स्पर्धा १९७६ मध्ये सुरू झाली आणि २००१ पासून तिला एलपीजीएच्या मेजर स्पर्धेचा दर्जा आहे. महिला गोल्फमध्ये अशा पाच मेजर स्पर्धा मानल्या जातात. २०२० मध्ये स्पर्धेचे अधिकृत नाव बदलून एआयजी विमेन्स ओपन असे करण्यात आले.

त्या वर्षीचे मैदान रॉयल ट्रून हे होते. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, एअरशायर परगण्यात असलेल्या या क्लबची स्थापना १८७८ मध्ये झाली. हे 'लिंक्स' प्रकारचे मैदान आहे. समुद्रकाठच्या वालुकामय, उंचसखल व झाडे नसलेल्या जमिनीवरील मैदानाला लिंक्स म्हणतात. तेथे वारा हाच खरा प्रतिस्पर्धी असतो. ट्रूनमध्ये पहिले नऊ होल किनाऱ्याने दूर जातात आणि नंतरचे परत येतात. नेहमीच्या दिशेने वारा वाहत असेल, तर जाताना तो पाठीशी आणि येताना समोर असतो. त्यामुळे उत्तरार्ध अधिक कठीण समजला जातो. 'पोस्टेज स्टॅम्प' या नावाने ओळखला जाणारा आठवा होल लांबीने अगदी छोटा असूनही जगप्रसिद्ध आहे. त्याचे ग्रीन लहान असून सभोवती वाळूचे खोल खड्डे आहेत.

या क्लबने दीर्घकाळ केवळ पुरुषांनाच सदस्यत्व दिले होते. महिलांना सदस्य करून घेण्याच्या बाजूने तेथील सदस्यांनी २०१६ मध्ये मतदान केले. त्यानंतर चार वर्षांनी, २०२० मध्ये, महिलांची ब्रिटिश ओपन या मैदानावर प्रथमच खेळली गेली. महासाथीच्या निर्बंधांमुळे प्रेक्षकांना प्रवेश नव्हता.

विजयाच्या चार फेऱ्या

गोल्फमध्ये चेंडू होलमध्ये पोहोचविण्यासाठी जितके कमी फटके लागतील तितके चांगले. प्रत्येक होलसाठी कुशल खेळाडूकडून अपेक्षित असलेल्या फटक्यांच्या संख्येला 'पार' म्हणतात. पारपेक्षा एक फटका कमी लागल्यास 'बर्डी' आणि एक जास्त लागल्यास 'बोगी' होते. या स्पर्धेत अठरा होलच्या एका फेरीसाठी पार ७१ होता. म्हणजे चार फेऱ्यांसाठी २८४ फटके अपेक्षित होते.

पहिली फेरी : ७०
दुसरी फेरी : ७२
तिसरी फेरी : ६७
चौथी फेरी : ६८
एकूण : २७७, म्हणजे पारपेक्षा ७ फटके कमी

पहिल्या दोन दिवशी जोरदार वाऱ्याने खेळाडूंची कसोटी पाहिली. छत्तीस होलनंतर स्वीडनच्या डानी होल्मक्विस्ट या एकट्याच खेळाडू पारच्या खाली होत्या. पोपोव्ह बरोबर पारवर होत्या. वरवर साधी दिसणारी ही धावसंख्या त्या हवामानात उत्तम होती. तिसऱ्या दिवशी वाऱ्याचा जोर ओसरल्यावर त्यांनी ६७ फटक्यांत फेरी पूर्ण केली आणि तीन फटक्यांची आघाडी घेतली.

मेजर स्पर्धेत अखेरच्या दिवशी आघाडीवर राहणे हा अनुभव त्यांच्यासाठी सर्वस्वी नवा होता. अशा प्रसंगी दडपणाखाली आघाडी गमावल्याची उदाहरणे गोल्फच्या इतिहासात पुष्कळ आहेत. पहिल्याच होलवर पोपोव्ह यांची बोगी झाली, तेव्हा त्याची पुनरावृत्ती होते की काय अशी शंका येण्याजोगी स्थिती होती. परंतु त्यांनी लगेच बर्डी मिळवून ती भरून काढली. थायलंडच्या जास्मिन सुवण्णपुरा यांनी त्या दिवशी ६७ फटक्यांची उत्कृष्ट फेरी खेळून पाठलाग चालू ठेवला होता. पंधराव्या आणि सोळाव्या होलवर पोपोव्ह यांनी लागोपाठ बर्डी केल्या आणि निकाल जवळपास निश्चित झाला. अखेरच्या होलवर बोगी होऊनही त्या दोन फटक्यांनी विजयी झाल्या. सुवण्णपुरा दुसऱ्या आणि ऑस्ट्रेलियाच्या मिंजी ली तिसऱ्या आल्या.

पोपोव्ह यांचे कॅडी म्हणून त्यांचे साथीदार माक्सिमिलियान मेह्लेस काम पाहत होते. पुढे या दोघांचा विवाह झाला. शेवटच्या ग्रीनवर पोपोव्ह यांना अश्रू आवरले नाहीत. रिकाम्या मैदानावरील तो क्षण जगभरातील प्रेक्षकांनी दूरचित्रवाणीवर पाहिला.

विजेतेपदाचे बक्षीस ६,७५,००० अमेरिकी डॉलर होते. ही रक्कम त्यांच्या तोपर्यंतच्या संपूर्ण एलपीजीए कमाईच्या कितीतरी पट अधिक होती. जागतिक क्रमवारीत त्या ३०४ व्या स्थानावरून एकदम २४ व्या स्थानी आल्या.

सदस्यत्वाचा वाद

या विजयानंतर नियमांसंबंधी मोठी चर्चा झाली. एलपीजीएच्या सदस्य खेळाडूने मेजर स्पर्धा जिंकल्यास तिला पाच वर्षे दौऱ्यात खेळण्याचा अधिकार मिळतो. पोपोव्ह त्या वेळी सदस्य नसल्याने त्यांना हा लाभ लागू झाला नाही. त्यांना चालू हंगामाचा उर्वरित भाग आणि पुढील हंगाम एवढ्यापुरते सदस्यत्व देण्यात आले.

याहून अधिक चर्चा एएनए इन्स्पिरेशन या स्पर्धेबाबत झाली. त्या वेळी कॅलिफोर्नियात होणारी ही मेजर स्पर्धा नेहमी वसंत ऋतूत खेळली जात असे. महासाथीमुळे त्या वर्षी ती सप्टेंबरमध्ये ढकलण्यात आली होती. तारीख पुढे गेली, तरी खेळाडूंची निवड मूळ तारखेच्या निकषांनुसारच करण्यात आली. परिणामी तीन आठवड्यांपूर्वी मेजर स्पर्धा जिंकलेल्या पोपोव्ह यांना तिच्यात प्रवेश मिळाला नाही.

नियमांच्या बाजूने आणि विरोधात दोन्ही प्रकारची मते मांडली गेली. नियम सर्वांना आधीपासून ठाऊक होते आणि ते हंगामाच्या मध्येच एका खेळाडूसाठी बदलणे इतरांवर अन्यायकारक ठरेल, असा एक पक्ष होता. ज्या खेळाडूने सर्वोत्तम प्रतिस्पर्ध्यांना हरविले, तिला त्याच प्रतिस्पर्ध्यांसोबत खेळण्यास अपात्र ठरविणे तर्कविसंगत आहे, असे दुसऱ्या पक्षाचे म्हणणे होते. सदस्य नसलेल्या खेळाडूने ही स्पर्धा जिंकण्याची ही पहिलीच वेळ नव्हती. २०१९ मधील विजेत्या, जपानच्या हिनाको शिबुनो, याही एलपीजीएच्या सदस्य नव्हत्या. मात्र शिबुनो यांच्यासाठी जपानचा भक्कम दौरा उपलब्ध होता. पोपोव्ह यांची उपजीविका सर्वस्वी याच उतरंडीवर अवलंबून होती. त्यामुळे त्यांच्या बाबतीत नियमाची धार अधिक जाणवली.

नंतरची कारकीर्द

२०२१ मध्ये पोपोव्ह यांनी कारोलिन मासोन यांच्यासह टोकियो ऑलिंपिक स्पर्धेत जर्मनीचे प्रतिनिधित्व केले. महासाथीमुळे वर्षभर लांबलेल्या या ऑलिंपिकमधील महिला गोल्फ कासुमिगासेकी येथे झाले. भारताच्या अदिती अशोक यांनी चौथे स्थान मिळविल्यामुळे ही स्पर्धा भारतीय वाचकांच्याही स्मरणात आहे.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पोपोव्ह सॉल्हाइम चषकासाठी युरोपच्या संघात प्रथमच खेळल्या. युरोपने अमेरिकेवर १५–१३ असा विजय मिळविला. ही लढत टोलेडोच्या इन्व्हर्नेस क्लबवर झाली. वर्षभरापूर्वी ज्या मैदानावर त्या मैत्रिणीची पिशवी घेऊन चालल्या होत्या, त्याच मैदानावर आता त्या युरोपच्या बारा निवडक खेळाडूंपैकी एक होत्या.

२०२३ मध्ये त्यांना कन्यारत्न झाले. मातृत्वासाठी घेतलेल्या विश्रांतीनंतर त्या पुन्हा स्पर्धात्मक खेळाकडे वळल्या. २०२० नंतर, २०२४ च्या अखेरपर्यंत, त्यांनी एलपीजीएच्या दौऱ्यातील दुसरे विजेतेपद मिळविले नव्हते.

मूल्यमापन

पोपोव्ह यांच्या यशाकडे केवळ नशिबाचा खेळ म्हणून पाहता येत नाही. गोल्फमध्ये एका फेरीत योगायोग साथ देऊ शकतो. बदलत्या वाऱ्यात चार दिवस खेळून, शेवटच्या दिवशी आघाडी राखून दोन फटक्यांनी जिंकण्यासाठी कौशल्य असावेच लागते. युरोपियन हौशी विजेतेपदातून हे कौशल्य दहा वर्षांपूर्वीच दिसले होते. मधल्या काळात आजाराने ते झाकोळले आणि क्रमवारीच्या आकड्यात त्याचे प्रतिबिंब उमटेनासे झाले.

दुसरीकडे, योगायोगाचा वाटा नाकारणेही योग्य ठरणार नाही. महासाथीमुळे परदेशी खेळाडूंच्या जागा रिकाम्या झाल्या नसत्या, तर पोपोव्ह यांना मॅरेथॉन क्लासिकमध्ये प्रवेश मिळणे कठीण होते. आणि तेथे खेळल्या नसत्या, तर ट्रूनचा मार्ग खुला झाला नसता. २०१९ मध्ये एका फटक्याने कार्ड हुकलेली आणि २०२० मध्ये मेजर जिंकणारी खेळाडू एकच होती. या दोन निकालांमधील अंतर गुणवत्तेच्या अंतराहून पुष्कळ मोठे होते. पुरुषांच्या गोल्फमध्ये २००३ सालची ब्रिटिश ओपन जागतिक क्रमवारीत ३९६ व्या स्थानी असलेल्या बेन कर्टिस यांनी जिंकली होती. पोपोव्ह यांच्या विजयाची तुलना अनेकदा त्या निकालाशी केली जाते. क्रमांक हा खेळाडूच्या मागील निकालांचा हिशेब असतो, त्याच्या क्षमतेची सीमा नव्हे, हे या दोन्ही उदाहरणांतून दिसते.

जर्मन महिला गोल्फच्या दृष्टीने २०२० चा विजय हा महत्त्वाचा टप्पा ठरला. पुढे २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये एस्थर हेन्सेलाइट यांनी रौप्यपदक मिळवून जर्मनीच्या यशात भर घातली. लाइम रोगाबाबत पोपोव्ह यांनी स्वतःचा अनुभव जाहीरपणे सांगितल्यामुळे, खेळाडूंमधील दीर्घकाळ निदान न होणाऱ्या आजारांच्या प्रश्नाकडेही लक्ष वेधले गेले.

ठळक घटनाक्रम

१९९२ : फ्रेमिंगहॅम, मॅसॅच्युसेट्स येथे जन्म
२०१० : युरोपियन हौशी महिला अजिंक्यपद, युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्निया येथे प्रवेश
२०१३ : अमेरिकेच्या राष्ट्रीय आंतरविद्यापीठ विजेत्या संघाच्या सदस्य
२०१४ : व्यावसायिक गोल्फमध्ये पदार्पण
२०१५ : एलपीजीए दौऱ्यावरील पहिला हंगाम; याच सुमारास आजाराची लक्षणे
२०१९ : पात्रता मालिकेत एका फटक्याने कार्ड हुकले
२०२० : कॅक्टस टूरवर तीन विजय, मॅरेथॉन क्लासिकमध्ये संयुक्त नववे स्थान, रॉयल ट्रून येथे एआयजी विमेन्स ओपनचे विजेतेपद
२०२१ : टोकियो ऑलिंपिकमध्ये सहभाग, सॉल्हाइम चषक विजेत्या युरोप संघाच्या सदस्य